जुन्या लॅपटॉपवर ब्लूटूथ पुन्हा सुरू करताना

बाबांना अलीकडे ऐकायला कमी येतं. लॅपटॉपचे स्पीकर पूर्ण मोठे केले तरी शब्द नीट पोचत नाहीत, आणि तारेचा हेडफोन लावला की उठता-बसता वायर ओढली जाते. म्हणून ब्लूटूथ हेडफोन आणला आणि त्यासोबत मोठ्या अक्षरांचा बिनतारी कीबोर्डही. लॅपटॉप २०१२ चा. मुळात त्यावर विंडोज ७ होतं, नंतर विंडोज १० घातलं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवल्यापासून तो बाबांच्या कामाला पुरून उरतो, त्यामुळे बदलायचा प्रश्न नव्हता. अडचण एवढीच, की सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ चालू-बंद करायचं बटणच दिसत नव्हतं. बंद असतं तर चालू केलं असतं. इथे ते मुळी नव्हतंच.

अशा वेळी कुणालाही विचारा, पहिला सल्ला येतो, "ड्रायव्हर अपडेट कर." ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यातला दुभाषी प्रोग्राम. मला हा सल्ला घाईचा वाटतो. ब्लूटूथ चालत नाही, या तक्रारीखाली निदान चार वेगळे बिघाड असू शकतात. एक, रेडिओची चिपच जागी नाही. दोन, चिप जागी आहे पण तिला ड्रायव्हर मिळालेला नाही, किंवा चुकीचा मिळालाय. तीन, ड्रायव्हर ठीक आहे पण दोन उपकरणांची एकमेकांशी ओळख पटत नाही. आणि चार, ओळख पटली, जोडणी झाली, पण आवाज भलत्याच मार्गाने येतोय. खालचा थर तपासल्याशिवाय वरच्याला हात लावला, की काय केल्याने काय झालं हेच कळेनासं होतं. त्यामुळे मी खालून वर जायचं ठरवलं. या लॅपटॉपमध्ये चारही थरांवर थोडं थोडं काम निघालं.

सुरुवात चिपपासून. डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली सगळ्या उपकरणांची यादी, उघडलं तर ब्लूटूथ नावाचा गटच नाही. वरच्या व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली, तेव्हा फिकट रंगात एक जुनी नोंद दिसली. म्हणजे कधीकाळी इथे ब्लूटूथ होतं; आत्ता मशीनला ते सापडत नव्हतं. वायफाय मात्र व्यवस्थित चालू होतं, आणि नेमकं इथेच बरेच लोक गोंधळतात. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुतेक वेळा एकाच छोट्या कार्डावर असतात, त्यामुळे वायफाय चालतंय म्हणजे कार्ड ठणठणीत आहे असं वाटतं. पण अशा कार्डांमध्ये वायफायचा भाग पीसीआय एक्सप्रेसच्या मार्गाने मदरबोर्डशी, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य पाटीशी, बोलतो आणि ब्लूटूथचा भाग यूएसबीच्या मार्गाने. कार्ड एक, रस्ते दोन. एक रस्ता चालू असताना दुसरा बंद पडू शकतो.

मग कीबोर्डावरची वायरलेसची कळ पाहिली. जुन्या काही मॉडेलांत ही कळ दाबत गेलं की आधी दोन्ही चालू, मग फक्त वायफाय, मग फक्त ब्लूटूथ, मग दोन्ही बंद, असं चक्र फिरतं. आणि कंपनीचा छोटा हॉटकी प्रोग्राम नसेल तर कळ दाबून काहीच होत नाही. काही लॅपटॉपांना तर कडेला चक्क सरकवायचं बटण असतं. आमच्याकडे कळ होती, तिने वायफाय चालू-बंद होत होतं, ब्लूटूथवर परिणाम शून्य. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन बघितलं, तिथे ब्लूटूथ चालू असंच लिहिलं होतं.

यानंतर जे केलं ते ऐकायला अगदी साधं आहे, पण ब्लूटूथ अचानक गायब झालं असेल तर मी सगळ्यात आधी हेच करायला सांगेन. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, बॅटरी काढली आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. त्यामागचं कारण असं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. आपण शटडाउन करतो तेव्हा प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलली जाते. त्यामुळे सुरू होणं झटपट होतं खरं, पण अडकलेलं उपकरण अडकलेलंच राहू शकतं. रीस्टार्टमध्ये हा प्रकार नसतो, म्हणून अशा दुखण्यात शटडाउनपेक्षा रीस्टार्ट जास्त गुणकारी. त्याशिवाय, लॅपटॉप बंद दिसला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत आतल्या काही भागांना थोडा वीजपुरवठा चालूच राहतो. ब्लूटूथची चिप चुकीच्या अवस्थेत गोठली असेल तर ती वीज पूर्ण तोडल्याशिवाय ती भानावर येत नाही. बॅटरी बाहेरून निघत नसेल तर कंपनीच्या माहितीपुस्तिकेत रीसेटची वेगळी पद्धत दिलेली आहे का, ते बघावं.

लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह एक अनोळखी उपकरण दिसलं, खाली कोड २८. मला फार बरं वाटलं. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही. चिप जिवंत आहे, हाक मारतेय, फक्त तिची भाषा समजणारं कुणी नाही. या कोडांकडे लोक दुर्लक्ष करतात, पण निदानाची निम्मी माहिती तिथे असते. कोड १० म्हणजे उपकरण सुरू होऊ शकलं नाही. कोड ४३ म्हणजे उपकरणानेच अडचण असल्याचं कळवलं आणि विंडोजने त्याला थांबवलं. तिघांवरचे उपाय वेगळे आहेत.

ड्रायव्हरच्या मागे लागण्यापूर्वी आणखी एक खात्री करून घ्यावीशी वाटली. पेनड्राइव्हवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी दुसरी प्रणाली टाकून लॅपटॉप त्यावरून सुरू केला, डिस्कवर काहीही न बसवता. लिनक्सच्या गाभ्यात ब्लूटूथ सांभाळणारा ब्लूझेड हा भाग २००१ पासून आहे, आणि जुन्या चिपांचा आधार त्यात सहसा टिकून असतो. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) आरएफकिल या आज्ञेने रेडिओंची यादी मागवली. रेडिओ सॉफ्टवेअरने अडवलाय की बटणाने अथवा बायोसने, हे त्यात वेगवेगळं कळतं. पहिल्याला सॉफ्ट ब्लॉक म्हणतात, दुसऱ्याला हार्ड ब्लॉक. आमच्या यादीत दोन्हीपुढे 'नाही' होतं, म्हणजे रेडिओ कुठेच अडवलेला नव्हता. हेडफोन शोधला, तो लगेच दिसला. झालं, हार्डवेअर दोषमुक्त. ही चाचणी केली नसती तर पुढे प्रत्येक अडचणीला चिपच गेली असेल, ही शंका मनात राहिली असती.

आता ड्रायव्हर. हा भाग सगळ्यात किचकट होता, आणि जुन्या लॅपटॉपवर लोकांची सर्वाधिक दिशाभूल इथेच होते. लॅपटॉपचं मॉडेल टाकून शोधलं तर कंपनीच्या संकेतस्थळावर एकाच मॉडेलसाठी तीन वेगवेगळे ब्लूटूथ ड्रायव्हर दिसले. याचं कारण, एकाच मॉडेलमध्ये कारखान्यात वेगवेगळ्या चिपवाली कार्डं बसवलेली असतात. मॉडेलच्या नावावरून नक्की कुठलं आपलं, हे ठरवता येत नाही. ते ठरतं हार्डवेअर आयडीवरून. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अनोळखी उपकरणावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि तिथल्या यादीतून हार्डवेअर आयडी निवडायचा. यूएसबी या अक्षरांनंतर व्हीआयडी आणि पीआयडी असे दोन चार-अक्षरी संकेत येतात. व्हीआयडी सांगतो निर्माता कोण, पीआयडी सांगतो वस्तू कुठली. हे दोन संकेत मी कागदावर उतरवून घेतले. पुढचं सगळं काम या आठ अक्षरांवर चाललं.

त्या तीन ड्रायव्हरांपैकी आपला कुठला, हे बसवून बघण्याची गरज नसते. डाउनलोड केलेली फाइल बहुधा झिपसारखी उघडता येते. आत आयएनएफ विस्ताराची एक फाइल असते, तिच्यात हा ड्रायव्हर कुठल्या उपकरणांसाठी आहे ते लिहिलेलं असतं, ती नोटपॅडमध्ये उघडायची आणि आपला पीआयडी शोधायचा. सापडला तर हा ड्रायव्हर आपल्या चिपसाठी आहे; नाही सापडला तर तो कितीही नवा असो, आपल्या उपयोगाचा नाही. तीनपैकी एकाच फाइलमध्ये आमचा संकेत मिळाला. तो ड्रायव्हर विंडोज ७ आणि ८ साठी होता. मग चिप बनवणाऱ्या कंपनीकडचा त्याच आयडीचा थोडा पुढचा ड्रायव्हर शोधला, तो विंडोज १० ला चालणारा निघाला.

"सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करा" असं सांगणारे जे फुकट प्रोग्राम शोधात वर वर येतात, त्यांच्यापासून मी कळकळीने लांब राहायला सांगेन. जुळणारं नाव दिसलं की ते काहीही बसवतात, सोबत नको ती सॉफ्टवेअरं आणतात, आणि नंतर मूळ स्थितीला परतायचं म्हटलं तर काय काय बदललं याचा माग राहत नाही. दुसरी गोष्ट स्वाक्षरीची. ६४-बिट विंडोजमध्ये व्हिस्टापासून गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे तो कुणाकडून आलाय याची खूण, असावी लागते. जुना ड्रायव्हर बसत नाही म्हणून ही तपासणीच बंद करा, असं सुचवणारे बरेच भेटतात. एका हेडफोनसाठी लॅपटॉपचं दार कायमचं उघडं ठेवू नये.

बसवण्याआधी रीस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर परतायची जागा, तयार केला. डिव्हाइस मॅनेजरमधली जुनी फिकट नोंद काढून टाकली. मग अपडेट ड्रायव्हर, माझ्या संगणकावर शोध, आणि फोल्डर दाखवलं. ब्लूटूथचा गट अवतरला, निळी खूण दिसली, सेटिंग्जमध्ये बटणही आलं.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. दरम्यान मी विंडोजसोबत येणारा सर्वसाधारण ड्रायव्हरही बसवून पाहिला होता. त्यानेही बटण आलं, हेडफोन दिसला, जोडला गेला, पण थोड्या वेळाने जोडणी तुटायची. कित्येक ब्लूटूथ चिपांमध्ये सुधारित फर्मवेअर, म्हणजे चिपचा स्वतःचा आतला प्रोग्राम, कायमचं साठवलेलं नसतं. प्रत्येक वेळी सुरू होताना ड्रायव्हर ते चिपमध्ये चढवतो. सर्वसाधारण ड्रायव्हरला त्या विशिष्ट चिपचं फर्मवेअर चढवायचं ठाऊक नसतं, त्यामुळे चिप कारखान्यातून निघाली तशा अवस्थेत चालते. निर्मात्याचा ड्रायव्हर घातल्यावर तुटणं जवळजवळ थांबलं. म्हणून ब्लूटूथ दिसतंय पण टिकत नाही, अशी तक्रार असेल तर ड्रायव्हर कुणाचा आहे हे आधी बघावं.

ड्रायव्हर लागल्यावर मी ब्लूटूथची आवृत्ती तपासली, ती कीबोर्डासाठी. ॲडाप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड या पानावर एलएमपी असं लिहून पुढे एक आकडा असतो, त्यावरून आवृत्ती कळते. ४ म्हणजे ब्लूटूथ २.१, ५ म्हणजे ३.०, ६ म्हणजे ४.०, ८ म्हणजे ४.२, ९ म्हणजे ५.०. आमचा आकडा ६ निघाला. हे महत्त्वाचं अशासाठी, की २०१० साली आलेल्या ४.० मध्ये लो एनर्जी हा कमी विजेवर चालणारा प्रकार सुरू झाला, आणि हल्लीचे पुष्कळ कीबोर्ड नि माउस फक्त त्याच प्रकारात बोलतात. एलएमपी ४ किंवा ५ असता तर तो कीबोर्ड यादीत कधीच दिसला नसता, मग ड्रायव्हर कितीही बदला. हेडफोनला ही अट सहसा नसते, कारण संगीत अजूनही बहुतांशी जुन्या, क्लासिक पद्धतीनेच जातं. त्यामुळे एकाच लॅपटॉपवर हेडफोन चालतो आणि कीबोर्ड दिसतही नाही, असा चमत्कारिक अनुभव लोकांना येतो. घेण्याआधी हा आकडा बघावा. त्याला मिनिटही लागत नाही.

कीबोर्ड सहज जोडला गेला. स्क्रीनवर सहा आकडे आले, ते नव्या कीबोर्डवर टाइप करून एंटर दाबला. हेडफोनने मात्र सतावलं. पहिल्या दिवशी घाईत मी तो स्वतःच्या फोनला जोडून आवाज तपासला होता, त्यामुळे चालू केला की तो आधी फोन शोधायचा. हेडफोन चालू असणं आणि पेअरिंगला, म्हणजे नव्या उपकरणाशी ओळख करून घ्यायला, तयार असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं, दिव्याची उघडझाप बदलेपर्यंत. ते केल्यावर लॅपटॉपला तो दिसला, जोडला गेला. पण ड्रायव्हर बदलल्यावर पुन्हा हटून बसला. यादीत "पेअर्ड" असं नाव आहे, कनेक्ट म्हटलं की नकार.

बाबा म्हणाले, "अरे, पण काल तर जोडला होतास ना?"

"जोडला होता बाबा, पण आता एकाला आठवतंय आणि दुसऱ्याला नाही."

हे अक्षरशः तसंच असतं. पेअरिंगच्या वेळी दोन्ही उपकरणं मिळून एक गुप्त किल्ली तयार करतात, तिला लिंक की म्हणतात, आणि दोघंही तिची प्रत आपापल्याकडे ठेवतात. पुढच्या वेळी त्या किल्ल्या जुळल्या तरच जोडणी होते. एका बाजूची किल्ली पुसली वा बदलली गेली की दुसरी बाजू जुनीच दाखवत राहते. म्हणून फक्त लॅपटॉपवरून रिमूव्ह करून भागत नाही. हेडफोनच्या स्मृतीतूनही जुनी नोंद जावी लागते. बऱ्याच हेडफोनांना दोन बटणं एकदम दाबून धरायची रीसेटची युक्ती असते, ती त्यांच्या कागदावर लिहिलेली असते. दोन्हीकडून पुसलं, फोनचं ब्लूटूथ तेवढा वेळ बंद ठेवलं, नव्याने जोडलं, आणि काम झालं. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना हा त्रास हमखास होतो. रेडिओचा पत्ता दोन्हींत एकच, किल्ल्या मात्र वेगळ्या. त्यामुळे इकडे जोडलं की तिकडचं तुटतं.

जोडणी झाली आणि आवाज आला, पण कसा? पातळ, टेलिफोनवरून आल्यासारखा. बाबांनी दोन मिनिटांत काढून ठेवला. "यापेक्षा स्पीकर बरे." इथे ना ड्रायव्हरचा दोष होता ना हेडफोनचा. हेडफोन लॅपटॉपला दोन रूपांत दिसतो. एक स्टिरिओ, म्हणजे फक्त ऐकण्यासाठी, चांगल्या प्रतीचा आवाज. दुसरं हँड्सफ्री, म्हणजे बोलणं आणि ऐकणं दोन्ही. हँड्सफ्रीमध्ये आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० घेतले जातात, दोन्ही बाजूंना जमलं तर १६,०००. सीडीच्या आवाजात ते ४४,१०० असतात. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला हा फरक फार जाणवतो, कारण स, श, त, थ यांसारख्या वर्णांची ओळख पटवणारे उंच स्वर त्या अरुंद मार्गात गळून जातात. एखाद्या प्रोग्रामने हेडफोनचा माइक मागितला की आवाज आपोआप हँड्सफ्रीत जातो. कंट्रोल पॅनेलच्या डिव्हाइसेस अँड प्रिंटर्समध्ये हेडफोनच्या प्रॉपर्टीज उघडून, सर्व्हिसेसमधून हँड्सफ्री टेलिफोनी काढून टाकली. व्हिडिओ कॉलला माइक लॅपटॉपचाच वापरायचा, ऐकायचं हेडफोनवर. बाबांनी पुन्हा लावला आणि आवाज स्वतःहून कमी केला.

उरलं होतं मधूनच होणारं खरखरणं. ॲडाप्टरच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची मुभा देणारी टिकमार्क काढली. हे पान सगळ्या ड्रायव्हरांत असतंच असं नाही. त्याने शांततेनंतर पहिला शब्द गिळला जायचा, ते थांबलं. तरीही खरखर अधूनमधून यायचीच. ती यायची तेव्हा प्रत्येक वेळी बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली असायची. क्लासिक ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ७९ वाहिन्यांवर सेकंदाला १,६०० पर्यंत उड्या मारत चालतं, आणि गर्दीच्या वाहिन्या टाळायची युक्तीही त्यात आहे. पण यूएसबी ३ च्या उपकरणांतून आणि केबलींतून नेमका त्याच पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर एक तांत्रिक टिपणही काढलं होतं. हा गोंगाट पूर्ण पट्ट्यावर असल्याने उड्या मारून जाणार कुठे? डिस्क दुसऱ्या बाजूच्या यूएसबी २ मध्ये लावली, लांब केबलने दूर ठेवली. खरखर गेली.

चित्र आणि आवाज यांत किंचित अंतर राहिलं. ब्लूटूथवर आवाज आधी दाबून बांधला जातो, मग पाठवला जातो, मग उलगडला जातो, त्यात थोडा उशीर होतोच. व्हीएलसी प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज मागे-पुढे करता येतो; जे दाबत आवाज थोडा आधी आणला की ओठ आणि शब्द जुळतात. हे बाबा आता स्वतः करतात.

यातलं काहीच जमलं नसतं तर यूएसबीत बाहेरून लावायचा छोटा ब्लूटूथ डोंगल हा पर्याय होता. तो लावताना आतलं ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करावं लागतं, कारण विंडोज एका वेळी एकच ब्लूटूथ रेडिओ नीट सांभाळतं. आतलं कार्डच बदलायचं असेल तर आधी चौकशी करावी. काही जुन्या लॅपटॉपांचं बायोस ठरावीक कार्डं सोडून इतरांना स्वीकारत नाही.

तो ड्रायव्हर, त्याची आयएनएफ आणि हार्डवेअर आयडी आता एका पेनड्राइव्हवर वेगळा ठेवला आहे, कारण जुन्या मॉडेलांची पानं कंपन्या कधी काढून टाकतील सांगता येत नाही. आणि तारेचा कीबोर्ड टाकून दिलेला नाही. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड उद्या बिघडला तर बायोसमध्ये जायला तोच लागेल, कारण ब्लूटूथ कीबोर्ड प्रणाली सुरू होईपर्यंत सहसा काम करत नाही.